ॲरन डोनाल्डला एवढं भारी का मानतात? (डिफेन्सिव्ह लाइन समजणाऱ्यांनी सांगा)

मुक्ता_पीए

नमस्कार. आम्ही पिट्सबर्गजवळ राहतो. मुलगा हायस्कूलमध्ये फुटबॉल खेळतो, म्हणजे इकडचा फुटबॉल, आणि डिफेन्सिव्ह लाइनवर मधोमध उभा असतो. टीममधल्या बाकी पोरांपेक्षा उंची कमी आहे पण अंगाने मजबूत आणि पायाने चपळ आहे. त्याच्या कोचने सांगितलंय की ॲरन डोनाल्डच्या मॅच बघ, तेव्हापासून आमच्या टीव्हीवर दुसरं काही लागत नाही. मी पण शेजारी बसून बघते, बॉल कुणाकडे गेला तेवढं कळतं, पण मधे ती जी झोंबाझोंबी चालते त्यात कोण जिंकलं कोण हरलं ते काही उमगत नाही. त्याला विचारलं तर म्हणतो आई तू फक्त ९९ नंबर बघ, डोनाल्डचा.

तर माझे प्रश्न. एक म्हणजे करिअरचे सॅक १११ दिसतात, याच्यापेक्षा जास्त सॅक असलेले बरेच खेळाडू आहेत, मग लोक याला सगळ्यात वर का ठेवतात? दुसरं, कॉलेजात एवढी बक्षिसं मिळूनही ड्राफ्टमध्ये, म्हणजे टीम कॉलेजची पोरं निवडून घेतात तिथे, १३वा का गेला? उंचीमुळे? लेकाच्या डोक्यात सध्या तेच घोळतंय म्हणून विचारते. आणि ३२व्या वर्षीच खेळ का सोडला, काही मोठी दुखापत झाली होती का?

सविस्तर लिहिलंत तरी चालेल, मी सगळं वाचून त्याला सांगणार आहे.

रॅम्सवेडा

मुक्ताताई, मुलाने अगदी बरोबर सांगितलंय. बॉल सोडा, ९९ बघा.

आधी त्याची जागा समजून घ्या म्हणजे १११ चा अर्थ लागेल. सॅक म्हणजे क्वार्टरबॅकने (पास फेकणारा मुख्य खेळाडू) बॉल फेकायच्या आत त्याला त्याच्याच रेषेमागे लोळवणं. जास्त सॅकवाले जे खेळाडू तुम्हाला दिसतात ते बहुतेक सगळे कडेने येणारे आहेत, एज रशर. त्यांच्यासमोर ऑफेन्सचा, म्हणजे बॉल असलेल्या टीमचा, कडेचा एकच लाइनमन (टॅकल) असतो आणि बाहेरून वळसा मारायला मोकळं मैदान असतं. डोनाल्ड डिफेन्सिव्ह टॅकल, म्हणजे आत, गार्ड आणि सेंटर या मधल्या लाइनमनच्या समोर. तिथे डावीकडे माणूस, उजवीकडे माणूस, आणि समोरचे दोघे मिळून तुमच्यावर येतात त्याला डबल टीम म्हणतात. पासच्या वेळी अर्ध्याहून जास्त वेळा डोनाल्डवर दोघं असायचे, कधी कधी तिसरा पण टेकू द्यायला यायचा. एवढं असून २०१८ साली त्याने २०.५ सॅक काढले, त्या वर्षी अख्ख्या लीगमध्ये सगळ्यात जास्त. डिफेन्सिव्ह टॅकलचा आधीचा विक्रम कीथ मिलर्डचा होता, १९८९ सालचा, १८ सॅक. म्हणजे जवळजवळ तीस वर्षं कुणी तिथवर पोचलं नव्हतं.

आता यातली खरी गोष्ट अशी की त्याची अर्धी कमाई दुसऱ्यांच्या नावावर लिहिली गेलीय. ऑफेन्सकडे पाच लाइनमन असतात, त्यातले दोघे डोनाल्डवर खर्च झाले की उरलेल्या तिघांना बाकीच्या सगळ्यांना एकेकटं अडवावं लागतं. डांटे फाउलरने २०१९ ला डोनाल्डच्याच टीमकडून, रॅम्सकडून, ११.५ सॅक काढले, त्याच्या करिअरमधले सर्वोच्च. तो गेला आणि लेनर्ड फ्लॉइड आला, ज्याचे आदल्या वर्षी शिकागोला फक्त ३ होते, त्याचे इथे आल्या आल्या १०.५ झाले. दोघंही मेहनती आहेत त्याबद्दल वाद नाही, पण दोघांचे आकडे डोनाल्डच्या शेजारी उभं राहिल्यावर एवढे वाढले हा योगायोग नाही.

आणि आतून येणाऱ्या प्रेशरची क्वार्टरबॅकला जास्त भीती असते. कडेने कुणी आला तर तो दोन पावलं पुढे सरकून वाचतो. समोरूनच कुणी छातीवर आला तर सरकणार कुठे, बॉल फेकायला पाय रोवायलाच जागा राहत नाही. म्हणून ज्या खेळीत सॅक लागला नाही त्यातही डोनाल्डने काय केलं ते बघावं लागतं, क्वार्टरबॅकने घाईने बॉल टाकून दिला, पास चुकला, रनिंग बॅकला आत जायला फट मिळाली नाही, हे कुठल्याच आकड्यात नीट येत नाही.

करिअर थोडक्यात सांगायचं तर २०१४ ते २०२३ दहा मोसम, सगळे रॅम्सकडे, पहिले दोन सेंट लुइसला आणि २०१६ पासून लॉस एंजेलिस. पहिल्याच वर्षी ९ सॅक आणि डिफेन्सचा सर्वोत्तम नवखा खेळाडू. दहाच्या दहा वर्षं प्रो बोल (निवडक खेळाडूंची मॅच). आठ वेळा ऑल-प्रोच्या (त्या वर्षीचे लीगमधले सर्वोत्तम) पहिल्या टीममध्ये. लीगचा सर्वोत्तम डिफेन्सिव्ह खेळाडू तीन वेळा, २०१७, २०१८ आणि २०२०, तेव्हा त्याच्या आधी तीन वेळा हे मिळवणारे फक्त लॉरेन्स टेलर आणि जे. जे. वॉट होते. २०१७ चं तर विशेष, कराराच्या वादामुळे तो पूर्ण ट्रेनिंग कॅम्प आणि पहिली मॅच बाहेर होता, तरी ११ सॅक काढून तो सन्मान घेतला. पुढच्या वर्षी मोसम सुरू व्हायच्या तोंडावर रॅम्सने सहा वर्षांचा साडेतेरा कोटी डॉलरचा करार दिला, डिफेन्सच्या खेळाडूला तोवर कुणी एवढे दिले नव्हते (दुसऱ्याच दिवशी शिकागोने खलील मॅकला त्याहून जास्त दिले). पैसे हातात पडल्यावर माणूस ढिला पडतो म्हणतात, याने त्याच मोसमात ते २०.५ काढले.

ओकलंडचा_पक्या

पिटबद्दल, म्हणजे त्याच्या कॉलेजबद्दल (युनिव्हर्सिटी ऑफ पिट्सबर्ग), मी लिहितो, तेव्हा मी तिथेच एमएस करत होतो आणि हाइन्झ फील्डला स्टुडंट तिकिटावर मॅच बघायचो.

आधी हे लक्षात घ्या की पोरगा तुमच्याच गावचा आहे. जन्म पिट्सबर्गचा, १९९१ चा, शाळा पेन हिल्स हायस्कूल. बापाने, आर्ची डोनाल्डने, घराच्या तळघरात जिम केली होती आणि पोरगा बारा-तेरा वर्षांचा झाल्यापासून पहाटे साडेचारला उठवून वजनं उचलायला लावायचा, नंतर शाळा. एवढं करूनही भरती करणाऱ्यांच्या यादीत तो तीन स्टारचाच होता, पाच स्टारवाल्या पोरांमागे जशी मोठमोठी कॉलेजं फिरतात तसं याच्यामागे कुणी फिरलं नाही. मग घरापासून हाकेच्या अंतरावरचं पिट.

पिटची अवस्था तेव्हा कशी होती तर कोच टिकतच नव्हते. २०१० ला पहिल्या वर्षी डेव्ह वॉनस्टेट होते, ते मोसम संपताच गेले, पुढचे नेमले ते काही आठवड्यांत काढावे लागले, मग टॉड ग्रॅहम आले ते एका वर्षात ॲरिझोना स्टेटला निघून गेले, मग पॉल क्रिस्ट. प्रत्येक कोच नवीन पद्धत घेऊन येतो, उभं कुठे राहायचं इथपासून सगळं बदलतं, आणि अशात पोरं ट्रान्स्फर घेतात. हा पठ्ठ्या राहिला. दुसऱ्या वर्षी ११ सॅक, तिसऱ्या वर्षी कमी झाले, शेवटच्या वर्षी पुन्हा ११ आणि रेषेमागे पाडलेले टॅकल साडेअठ्ठावीस. तेरा मॅचमध्ये!! म्हणजे दर मॅचला दोनाहून जास्त वेळा समोरच्याची खेळी सुरू व्हायच्या आत मोडून ठेवली.

त्या २०१३ च्या मोसमाची पहिली मॅच मला लख्ख आठवते, लेबर डेची संध्याकाळ, पिटची एसीसी कॉन्फरन्समधली पहिलीच मॅच, समोर फ्लोरिडा स्टेट, त्यांचा जेमिस विन्स्टन पहिल्यांदा खेळत होता आणि २७ पैकी २५ पास पूर्ण केले त्याने, आम्ही ४१-१३ हरलो. स्टेडियम हळूहळू रिकामं होत गेलं. फ्लोरिडा स्टेटने त्या वर्षी राष्ट्रीय विजेतेपद घेतलं हे नंतर कळलं, त्या रात्री फक्त लाज वाटत होती. आणि तरी ९७ नंबर (कॉलेजात ९७ होता) शेवटच्या क्वार्टरपर्यंत प्रत्येक स्नॅपला (खेळी सुरू करताना बॉल मागे देतात तो क्षण) पहिल्यासारखाच उसळत होता. मोसम ७-६ असा संपला. अशा मधल्या फळीच्या टीममधून खेळून त्याने नागुर्स्की, बेडनारिक, औटलंड, लोम्बार्डी हे चारही पुरस्कार एकाच वर्षी घेतले. टीम जिंकत असली की पुरस्कार देणाऱ्यांचं लक्ष आपोआप जातं. इथे लोकांना मुद्दाम पिटची मॅच लावून त्याला बघावं लागलं, माझ्या मते हे जास्त मोठं.

पुढे पैसे आल्यावर त्याने पिटला घसघशीत देणगी दिली, तिथल्या फुटबॉल सराव केंद्राला आता त्याचं नाव आहे.

काळापिवळा

त्याच ड्राफ्टबद्दल बोलायचं तर आम्हा स्टीलर्सवाल्यांची (पिट्सबर्गची व्यावसायिक टीम) जखम अजून ओली आहे. २०१४ ला स्टीलर्सचा नंबर १५वा होता. गावचाच पोरगा, पिट आणि स्टीलर्स एकाच सराव केंद्रात सराव करतात, म्हणजे रोज खिडकीतून दिसणारा खेळाडू, आणि तो दोन नंबर आधी, १३व्याला गेला. आम्ही रायन शेझिअर घेतला, तोही जबरदस्त होता, वाऱ्यासारखा धावायचा, पण डिसेंबर २०१७ ला सिनसिनाटीच्या मॅचमध्ये मणक्याला मार लागला आणि त्याचा खेळ तिथेच थांबला. शेझिअरबद्दल एक शब्द वाईट ऐकून घेणार नाही. तरी जो ग्रीन या आमच्या जुन्या दिग्गजाच्या टीममध्ये डोनाल्ड, हा विचार प्रत्येक स्टीलर्सवाल्याने एकदा तरी केलाय.

रॅम्सवेडा

ड्राफ्टचा आणि उंचीचा मुद्दा माझ्याकडून राहिला होता. हो, उंचीच. जेमतेम सहा फूट एक इंच आणि वजन २८५ पौंड, म्हणजे साधारण १२९ किलो. तुम्हाला मला हा राक्षस वाटेल पण समोरचे लाइनमन सहा फूट चार-पाच इंच आणि तीनशेच्या वर असतात. स्काउट लोकांचं म्हणणं होतं की कॉलेजात ठीक आहे, एनएफएलमध्ये (व्यावसायिक लीग) गार्ड लोक याला उचलून बाजूला ठेवतील. वास्तविक कंबाइनमध्ये (ड्राफ्टआधीची चाचणी) तो ४० यार्ड ४.६८ सेकंदात पळाला, एवढ्या वजनाच्या माणसासाठी हा वेग अचाट आहे, सिनियर बोल या कॉलेज खेळाडूंच्या मॅचच्या सरावात एकेकट्या झुंजीत त्याला कुणी आवरू शकलं नाही, तरी बारा टीमनी त्याला सोडला. खुद्द रॅम्सनी पण त्याच्या आधी दुसऱ्या नंबरवर ग्रेग रॉबिन्सन हा ऑफेन्सिव्ह टॅकल घेतला होता, तो फार चालला नाही.

आता मुलासाठी महत्त्वाचं. लाइनवर ज्याचे खांदे खाली तो जिंकतो. आपल्या कुस्तीत नाही का, जो पहिलवान ताठ उभा राहिला त्याच्या पटात शिरायला वेळ लागत नाही, तसंच. उंच माणसाला खाली वाकायला कष्ट पडतात, पहिल्या मिनिटाला वाकतो पण दमल्यावर आपोआप ताठ होत जातो. डोनाल्ड मुळातच खाली होता. समोरचा त्याच्या छातीवर हात ठेवायला जायचा तर छाती सापडायचीच नाही, आणि हा खालून वर जोर लावायचा.

पण नुसतं बुटकं असून भागत नाही हेही त्याला सांगा. तीन गोष्टी एकत्र होत्या. बॉल हलला की हा हलायचा, समोरचा अजून स्टान्समधून उठतोय तोवर याचं एक पाऊल त्याच्या खांद्यापलीकडे गेलेलं असायचं. दुसरं म्हणजे हात. समोरच्याने हात टाकला की मनगटावर, कोपरावर चापट मारून तो उडवायचा आणि दुसरा हात वरून काढून पलीकडे. त्याचा एक सरावाचा व्हिडिओ खूप फिरला होता ज्यात ट्रेनर दोन्ही हातात चाकू घेऊन त्याच्यावर वार करतोय आणि हा हातांनी ते उडवतोय, ते चाकू खरे नव्हते, पण उद्देश हाच की हात नजरेआधी हलले पाहिजेत. (मुलाने घरी करून बघू नये, उशी घेऊन केलं तरी चालतं.) आणि तिसरं ताकद, तळघरातली.

निर्भीड_मत

चांगली चर्चा चाललीय, पण सगळ्यात भारी म्हणताना रेजी व्हाइटला विसरून चालणार नाही. १९८ सॅक, आणि तोही आत-बाहेर दोन्हीकडे खेळायचा, तीनशे पौंडाच्या लाइनमनला एका हाताने बाजूला फेकायचा. लॉरेन्स टेलरने तर ऑफेन्सवाल्यांना आपली रचनाच बदलायला लावली. माझ्या यादीत पहिले हे दोघे, मग डोनाल्ड.

आणि मुलाला दाखवणार असाल तर एक गोष्ट स्पष्ट सांगा. ऑगस्ट २०२२ मध्ये बेंगॉल्सबरोबरच्या एकत्रित सरावात भांडण झालं तेव्हा डोनाल्डने हातात हेल्मेट घेऊन ते समोरच्यांवर फिरवलं. कुणाच्या डोक्यात बसलं असतं तर काय झालं असतं. सराव असल्यामुळे लीगकडून शिक्षा झाली नाही, तो विषय टीमवर सोडला गेला. खेळाडू म्हणून मी त्याला पूर्ण मान देतो, पण ते चूक होतं आणि पोरांना ते चूक म्हणून सांगायलाच हवं.

रॅम्सवेडा

हेल्मेटच्या बाबतीत १००% सहमत, रॅम्सचा कट्टर असूनही. ते समर्थनीय नाहीच.

रेजी व्हाइटबद्दल वाद घालणार नाही, एवढंच म्हणेन की जागेनुसार बघा. व्हाइट एनएफएलमध्ये बहुतेक वेळ एंडला, म्हणजे कडेला, खेळला. गार्ड आणि सेंटरच्या मधून सतत दहा वर्षं असा मारा करणारा मला तरी दुसरा दिसत नाही. जॉन रँडल जवळ येतो, तोही लहान चणीचा होता आणि त्याला तर ड्राफ्टमध्ये कुणी घेतलंच नव्हतं, मुलाला त्याचेही व्हिडिओ दाखवा.

शमिका

मुक्ताताई, तुमच्या प्रश्नाच्या थोडं बाहेरचं आहे पण माझाही मुलगा खेळतो म्हणून लिहिते. वर शेझिअरचं आलंच आहे, तो डोकं खाली घालून टॅकल करायला गेला होता. डोकं वर, खांद्याने टॅकल, हे कोच शिकवतात का आणि पुन्हा पुन्हा करून घेतात का ते जरूर विचारा. आणि लाइनवरच्या पोरांना एकच मोठा फटका बसतो असं नसतं, दर खेळीला डोकं थोडं थोडं आदळतं. बॉस्टन युनिव्हर्सिटीच्या अभ्यासात जेवढी जास्त वर्षं खेळ तेवढा पुढे सीटीईचा (डोकं वारंवार आदळून होणारा मेंदूचा आजार) धोका जास्त असं निघालंय. घाबरवायचं म्हणून नाही सांगत, आम्ही हे सगळं वाचून, मुलाशी बोलून मग हो म्हटलं. पूर्ण संपर्काचा सराव आठवड्यात किती घेतात ते मात्र मी दर मोसमाला विचारते.

मुक्ता_पीए

सगळ्यांचे मनापासून आभार. शमिका, हे विचारणारच आहे. कुस्तीचं वाचल्यावर मुलाचे बाबा एकदम जागे झाले, ते कोल्हापूरचे आहेत, आता दोघं हॉलमध्ये वाकून उभे राहून एकमेकांना ढकलतायत. 

रिटायरमेंटचं राहिलं. आणि एखादी मॅच सांगा ना जी बसून पूर्ण बघता येईल, नुसत्या तुकड्या तुकड्यांच्या क्लिपमधून मला कळत नाही.

ओकलंडचा_पक्या

रिटायरमेंट १५ मार्च २०२४. २०२२ ला घोट्याला दुखापत झाली आणि ११ मॅचच खेळला, पण त्यामुळे सोडलं असं नाही. २०२३ ला परत येऊन १६ मॅच, ८ सॅक, पुन्हा ऑल-प्रो. म्हणजे लीगमधल्या सर्वोत्तमांत असतानाच थांबला. करार अजून शिल्लक होता, २०२२ मध्ये रॅम्सनी तीन वर्षांचे मिळून साडेनऊ कोटी डॉलर केले होते, वर्षाच्या सरासरीने क्वार्टरबॅक सोडून तोवर कुणालाच एवढे मिळाले नव्हते, त्यातलं शेवटचं वर्ष त्याने सोडून दिलं. २०२२ ची सुपर बोल (लीगची अंतिम मॅच) जिंकल्यावरच तो थांबणार अशी चर्चा होती, तेव्हा राहिला. लाइनवरचा माणूस दहा वर्षं दर खेळीला दोघांची धडक घेतो, ३२ म्हणजे तिथे कमी वय नाही. हॉल ऑफ फेमसाठी पाच वर्षं थांबावं लागतं, २०२९ ला त्याचं नाव येईल.

रॅम्सवेडा

ताई, मॅच दोन सांगतो.

पहिली ऑक्टोबर २०१८, रॅम्स विरुद्ध सॅन फ्रान्सिस्को, तिथे त्याने एकाच मॅचमध्ये ४ सॅक काढले. मुलाला त्यात फक्त पाय बघायला सांगा, स्नॅपनंतरची पहिली दोन पावलं, बाकी काही नाही. ४९र्सनी त्या दिवशी काय काय करून बघितलं ते तुम्हाला पण कळेल.

दुसरी म्हणजे १३ फेब्रुवारी २०२२ ची सुपर बोल, सिनसिनाटी बेंगॉल्स समोर, रॅम्स २३-२०. ही पूर्ण बघा आणि पहिल्या हाफमध्ये धीर धरा, तिथे डोनाल्ड फारसा दिसत नाही कारण बेंगॉल्स दोन-दोन माणसं लावतायत आणि त्यांचा क्वार्टरबॅक बरो याचा बॉल पटकन सुटतोय. तिसऱ्या क्वार्टरपासून त्यांची लाइन फुटायला लागते. त्या मॅचमध्ये बरो सात वेळा पडला, डोनाल्डचे २ आणि त्याचा साथीदार वॉन मिलरचे २. शेवटचं दीड मिनिट उरलेलं असताना रॅम्सचा खेळाडू कूपर कप याच्या टचडाउनने (गोलसारखे गुण) रॅम्स पुढे जातात आणि बेंगॉल्स बॉल घेऊन अर्ध्या मैदानापर्यंत येतात. दहा यार्ड पुढे जायला चार प्रयत्न (डाउन) मिळतात; तिसरा डाउन, एक यार्ड हवाय. बेंगॉल्सचा पेराइन बॉल घेऊन आत घुसतो आणि डोनाल्ड त्याला धरून मागे ओढून ठेवतो, तो यार्ड मिळत नाही. चौथा डाउन, तोच एक यार्ड. यावेळी बरो पास करायला मागे जातो आणि डोनाल्ड गार्डला ओलांडून क्षणात त्याच्या अंगावर, धरून गरकन फिरवतो, बरो पडता पडता बॉल भिरकावतो तो जमिनीवर. तिकडे वरच्या बाजूला बेंगॉल्सचा जमार चेस रॅम्सच्या रॅमझीला मागे टाकून मोकळा पळत होता, अर्धा सेकंद जास्त मिळाला असता तर मॅच सिनसिनाटीची होती. लागोपाठच्या दोन खेळी, एक रन एक पास, दोन्ही एकाच माणसाने थांबवल्या आणि आकड्यांत त्या चौथ्या डाउनला सॅक म्हणून नोंद नाही, नुसता अपूर्ण पास. तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर तिथे आहे.

सुपर बोलचे मोठे हायलाइट्स एनएफएलच्या यूट्यूब चॅनलवर सापडतात, पूर्ण मॅच हवी असेल तर एनएफएल प्लसवर शोधा, आणि तिथे मागून घेतलेला कोन मिळाला तर तोच लावा, त्यात लाइनवरची झटापट टीव्हीच्या कोनापेक्षा पुष्कळ स्पष्ट दिसते.